साच्याचे भांडवल : दुर्मीळ जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची पुनर्निर्मिती

उत्पादन थांबलेली मोटार तिच्या सुट्या भागांच्या जोरावर जगते. कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडल्यावर काही वर्षे दुकानदारांकडचा शिल्लक माल पुरतो. मग भंगारात गेलेल्या गाड्यांचे भाग काढून वापरले जातात. तेही संपले की भाग नव्याने बनवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ही पुनर्निर्मिती महाराष्ट्राच्या आवाक्याबाहेरची नाही. कोल्हापूरच्या फौंड्रीत, भोसरीच्या टूलरूममध्ये किंवा नागपूरजवळच्या हिंगण्यातील वर्कशॉपमध्ये असे भाग बनवण्याचे कसब आहे. काम अडते ते पैशापाशी. पहिला नग हाती येण्याआधी साचा बनवावा लागतो, त्याची किंमत मोठी असते आणि ती वाटून घ्यायला गिऱ्हाईक थोडे असतात. हा साच्याचा खर्च कोणी, कोणत्या अटीवर आणि कोणत्या विश्वासावर उचलायचा, हा या विषयाचा गाभा आहे. जगात आणि भारतात त्यासाठी चालत आलेले मार्ग, त्यांचे गुणदोष, त्यांना लागू होणारा कायदा आणि समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मालकाला त्यांतून काय साधता येईल, याचा हा आढावा आहे.

महाराष्ट्रातील जुन्या गाड्यांचा वारसा

मोटारींच्या बाबतीत महाराष्ट्र केवळ गिऱ्हाइकांचा प्रदेश नव्हता. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना सुरू केला आणि १९५४ पर्यंत तो चालला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच वर्षी महिंद्राने विलिस जीप जुळवण्यास सुरुवात केली.

प्रीमियरने पुढे इटलीच्या फियाटशी करार केला आणि १९५० च्या दशकात फियाट ११०० भारतात आली. तिच्या सुरुवातीच्या गोल पाठीच्या अवताराला मराठी माणूस आजही ‘डुक्कर फियाट’ म्हणतो. त्यानंतर सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आणि १९६४ ची डिलाइट आली. डिलाइटचेच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी असे नामकरण झाले. १०८९ सीसीचे इंजिन असलेली ही गाडी २००० च्या सुमारापर्यंत बनत राहिली.

सुट्या भागांच्या दृष्टीने जुन्या गाड्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग एकट्यादुकट्या गाडीचा. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक हे त्याचे ठळक उदाहरण आहे. शाही दसऱ्याला ती रस्त्यावर येते तेव्हा लोक तिला पाहायला गर्दी करतात, पण तिच्यासाठी भाग बनवायचा तर गिऱ्हाईक एकच. दुसऱ्या वर्गात कधीकाळी बऱ्यापैकी संख्येने असलेल्या आणि आता थोड्या उरलेल्या गाड्या येतात. डुक्कर फियाट, मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड आणि शिवडीला जुळवलेल्या शेवरोले या वर्गातल्या. तिसऱ्या वर्गात पद्मिनी, अँबॅसडर आणि जुन्या जीपगाड्या येतात. त्या दुर्मीळ होत चालल्या आहेत, तरी गिऱ्हाइकांची संख्या अजून पुरेशी आहे. कोणत्या भागासाठी पैसा कसा उभा करायचा, हे गाडी यांपैकी कोणत्या वर्गात बसते त्यावर ठरते.

भाग बाजारातून का नाहीसे होतात

पद्मिनीचे भाग इतकी वर्षे सहज मिळत राहिले, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी. रोज रस्त्यावर असणाऱ्या हजारो टॅक्सींना क्लच प्लेट, ब्रेक शू, बुश, किंगपिन आणि सायलेन्सर सतत लागत. त्यामुळे छोट्या कारखानदारांची भट्टी पेटती राहिली आणि घरगुती मालकांनाही स्वस्तात माल मिळाला. राज्य शासनाने टॅक्सींच्या वयावर २००८ मध्ये २५ वर्षांची आणि २०१३ मध्ये २० वर्षांची मर्यादा घातली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. टॅक्सींबरोबर सुट्या भागांचा नियमित खपही ओसरला.

टॅक्सीमुळे टिकले ते फक्त चालण्यासाठी लागणारे भाग. दरवाजाची क्रोमची पट्टी, मूळ नक्षीची ग्रिल, डॅशबोर्डवरचे बटण किंवा मागच्या दिव्याची काच यांची टॅक्सीवाल्याला गरज नव्हती. म्हणून टॅक्सींच्या भरभराटीच्या काळातही हे भाग बाजारात दुर्मीळच होत गेले. आता अडचण दुहेरी आहे. दिखाव्याचे भाग आधीच संपले होते, चालण्याचेही संपू लागले आहेत.

वाहन मोडीत काढण्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये नोंदणीकृत केंद्रांची व्यवस्था आणली. पर्यावरणाच्या दृष्टीने ती योग्यच आहे. मात्र जुनी गाडी गावातल्या भंगारवाल्याकडे उभी राहून तिचे भाग वर्षानुवर्षे सुटे विकले जाण्याचा जुना मार्ग त्यामुळे आक्रसत जाणार. पुनर्निर्मितीची गरज येत्या काळात वाढतच जाईल.

भाग कसा बनतो आणि पैसा कुठे अडकतो

डुक्कर फियाटच्या पुढच्या काचेभोवतीचे रबर, गॅरेजच्या भाषेत बीडिंग, हे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. जुने रबर काढून त्याचे माप घेणे हा पहिला विचार सुचतो, पण तो फसवा ठरतो. साठ-सत्तर वर्षांत रबर आटते, कडक होते आणि त्याच्या खाचा बदलतात. जाणता कारागीर म्हणून काचेची जाडी आणि पत्र्याच्या कडेची जाडी मोजतो, त्या दोन मापांवरून खाचांची रुंदी ठरवतो आणि जुन्या रबराचा काप फक्त आकाराची कल्पना येण्यासाठी वापरतो. मग त्या आडव्या छेदाची डाय बनते. तिच्यातून रबराची सलग पट्टी बाहेर काढली जाते. कोपऱ्यांवर पट्टी नुसती वाकवली तर चुरगळते, म्हणून कोपऱ्यांसाठी वेगळा साचा करून तिथे सांधे भाजून जोडतात. उन्हापावसात टिकण्यासाठी ईपीडीएम जातीचे रबर निवडावे लागते. पेट्रोल-ऑइलच्या संपर्कातल्या सीलसाठी हेच रबर चालत नाही, तिथे नायट्राइल लागते. शेवटी एका खऱ्या गाडीवर काच बसवून पाण्याचा फवारा मारून पाहायचा आणि चुकले असेल तर डाय पुन्हा घासायची.

या कामात रबराचा माल स्वस्त असतो. खर्च होतो तो डाय, कोपऱ्याचा साचा, चाचणीचे वाया जाणारे नग आणि कारखान्याचा एका वेळी किमान इतके मीटर काढण्याचा आग्रह यांवर. नमुन्यादाखल हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. साचा आणि चाचणी मिळून १,२०,००० रुपये आणि प्रत्येक नगाचा माल-मजुरीचा खर्च ४०० रुपये धरला, तर ३० नगांत एक नग ४,४०० रुपयांना पडतो, १०० नगांत १,६०० रुपयांना आणि ३०० नगांत ८०० रुपयांना. वस्तू तीच, कारागीर तोच, फक्त गिऱ्हाइकांची संख्या वाढली की किंमत पाचपटीहून अधिक उतरते. म्हणून पुनर्निर्मितीत पहिले काम साच्याचे नसते, गिऱ्हाईक मोजण्याचे असते.

भागांच्या जातीनुसार हे गणित बदलते. ओतीव भागासाठी लाकडी पॅटर्न पुरतो आणि तो तुलनेने स्वस्त असतो. धातू थंड होताना आटतो, त्यामुळे पॅटर्न थोडा मोठा ठेवावा लागतो आणि नंतर लेथवर छाटणीसाठी जाडी राखावी लागते. हे कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांना सांगावे लागत नाही. मडगार्ड किंवा बोनेटसारख्या पत्र्याच्या भागांचे प्रेस टूल मात्र लाखांत जाते. तिथे थोड्या गाड्यांसाठी हाताने ठोकून पत्रा घडवणारा कुशल डेंटरच परवडतो. अलीकडे त्रिमितीय स्कॅनिंग आणि छपाईने पॅटर्नचा खर्च खाली आणला आहे. पोर्शे ९५९ ही गाडी अवघी २९२ बनली. तिचा क्लच सोडवणारा लीव्हर पोर्शेने २०१८ मध्ये धातूच्या त्रिमितीय छपाईने बनवला. छपाईला साचाच लागत नाही. एक नग आणि शंभर नग यांच्या दरात फार फरक राहत नाही, आणि पहिल्या वर्गातल्या गाड्यांसाठी हीच गोष्ट मोलाची आहे.

भांडवल उभे करण्याचे मार्ग

*मूळ कंपनी.* सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्याने गाडी बनवली त्यानेच भाग बनवावेत. निस्सानने २०१७ पासून आर-३२ स्कायलाइन जीटी-आरचे भाग पुन्हा काढले. टोयोटाने २०२० मध्ये जुन्या सुप्रा आणि २०००जीटीसाठी तोच उपक्रम सुरू केला. नकाशे, साचे आणि नाव कंपनीकडेच असतात, शिवाय तोटा झाला तरी प्रतिष्ठा वाढते. भारतात या मार्गाची आशा थोडी आहे. प्रीमियरच्या मोटारी बंद झाल्या. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि तिचे नाव २०१७ मध्ये ८० कोटी रुपयांना प्यूजोकडे गेले. नाव विकले गेले म्हणून साचे जपले गेले असे होत नाही.

मूळ साचे टिकले तर काय साधते, हे ब्रिटिश मोटर हेरिटेजने दाखवले. एमजीबी या गाडीचे जुने प्रेस टूल शोधून काढून या संस्थेने १९८८ पासून संपूर्ण नवे सांगाडे बनवायला सुरुवात केली. कारखाना बंद होताना साचे भंगारात घालणे हे म्हणूनच सर्वांत महागडे नुकसान ठरते.

*व्यापाऱ्याची जोखीम.* एखादा दुकानदार स्वतःच्या पैशाने साचा करतो आणि माल विकून पैसे वसूल करतो. भारतात येझदी आणि जुन्या बुलेट मोटारसायकलींचे बरेच भाग याच मार्गाने मिळतात. हा मार्ग वेगवान आहे, पण तो ज्याचा खप खात्रीचा त्याच भागांपुरता चालतो. दुर्मीळ गाडीच्या दिव्याच्या काचेकडे व्यापारी वळत नाही, आणि वळला तर एकमेव पुरवठादार म्हणून भाव हवा तसा लावतो. व्यापाऱ्याने धंदा बंद केला की साचाही त्याच्याबरोबर जातो.

*आगाऊ नोंदणी.* मालक एकत्र येतात, किमान संख्या ठरवतात, प्रत्येक जण ठरावीक रक्कम आगाऊ भरतो आणि संख्या भरली की काम सुरू होते. मध्यम संख्येच्या गाड्यांसाठी हा सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे. कर्ज नाही, व्याज नाही आणि माल पडून राहण्याची भीती नाही. दोष दोन आहेत. तीस जणांची गरज असताना बावीस जण पैसे भरतात आणि महिनोन्महिने काम अडून राहते. दुसरा दोष गंभीर आहे. पैसे एका व्यक्तीच्या खात्यात जमा होतात आणि उशीर, वाढीव खर्च किंवा फसवणूक झाली तर विचारायचे कोणाला हे ठरलेले नसते. हा मार्ग जिथे मोडतो तिथे बहुधा लेखी अटींच्या अभावी मोडतो.

*साचानिधी.* ब्रिटनमधील मालक संघटनांनी हा मार्ग शिस्तीत बसवला. ट्रायम्फ स्टॅग १९७० ते १९७७ या काळात पंचवीस हजारांहून अधिक बनली. तिच्या मालकांनी भांडवल घालून खास सुट्या भागांच्या साच्यांसाठी कंपनी उभारली. ब्रॅडफर्डच्या जोवेट गाड्यांचा कारखाना १९५० च्या दशकात बंद पडला. पुढे मालक संघटनेच्या सभासदांच्या मालकीची सुट्या भागांची कंपनी उभी राहिली आणि तिच्यामुळे जॅव्हेलिन आणि ज्युपिटर या गाड्या आजही चालतात. यात पैसा फिरता राहतो. एका भागाच्या विक्रीतून वसूल झालेली रक्कम पुढच्या साच्यात जाते आणि साचा संघटनेच्या नावावर राहतो. कारखानदार बदलला तरी साचा उचलून दुसऱ्याकडे नेता येतो.

*वर्गणी आणि प्रायोजकत्व.* ब्रिटनमध्ये ‘टॉर्नेडो’ हे वाफेचे इंजिन २००८ मध्ये जवळपास शून्यातून बांधून पूर्ण झाले. त्यासाठी सुमारे ३० लाख पौंड लागले. दर महिन्याला थोडी रक्कम देणारे वर्गणीदार, एकेका भागाचा खर्च उचलणारे प्रायोजक आणि रोखे अशा तिहेरी वाटेने ते जमले. मोटारीच्या बाबतीतही ‘हा भाग अमुक कुटुंबाने दिला’ अशी नोंद ठेवून खर्च उचलणारे मिळू शकतात. संग्रहालयातील, संस्थेच्या मालकीच्या किंवा लोकांच्या जिव्हाळ्याच्या गाडीला हा मार्ग शोभतो. खासगी मालकाच्या गाडीसाठी देणगी मागणे लोकांना पटत नाही आणि ते रास्तच आहे.

*भिशी.* महाराष्ट्रात दर महिन्याला ठरावीक रक्कम गोळा करून आळीपाळीने एकेकाला देण्याची भिशीची रीत घरोघरी माहीत आहे. जुन्या गाड्यांच्या मंडळींत ती सुचणे स्वाभाविक आहे. मात्र भिशीत प्रत्येकाला पाळीने रक्कम मिळते आणि प्रत्येकाची गरज वेगळी असते. साच्याच्या कामात सगळ्यांची रक्कम एकाच वेळी एकाच वस्तूत घालावी लागते. भिशीची शिस्त, म्हणजे ठरलेल्या तारखेला पैसे देण्याची सवय, साचानिधीत जरूर घ्यावी. आळीपाळीची रचना मात्र इथे चालत नाही. शिवाय मोठ्या प्रमाणावरच्या भिशीला १९८२ चा चिट फंड कायदा लागू होतो.

*बँक आणि सरकारी योजना.* सुटे भाग बनवणे हा उत्पादन उद्योग आहे, त्यामुळे लघुउद्योगाच्या योजना त्याला खुल्या आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन प्रकल्पाची मर्यादा २०२२ पासून ५० लाख रुपये आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटातील उद्योजकाला २५ टक्के आणि विशेष गटांना ३५ टक्के अनुदान मिळते. मुद्रा योजनेतील कर्जाची कमाल मर्यादा २०२४ मध्ये २० लाख रुपये झाली. मात्र बँक कर्ज देते ते खपाच्या खात्रीवर. फक्त जुन्या फियाटचे रबर बनवणाऱ्या उद्योगाला ती खात्री दाखवता येत नाही. ट्रॅक्टर, शेतीची अवजारे आणि जिनिंग यंत्रांचे रबरी भाग बनवणारा छोटा उद्योग जुन्या गाड्यांचे भाग जोडकाम म्हणून घेईल तर हिशेब बसतो.

*धनिक मालक.* मेबॅकसारख्या एकाच गाडीसाठी शेवटी मालकच खर्च करतो. इथे साचा करण्याऐवजी लेथवर, हाताने किंवा छपाईने एकच नग घडवणे शहाणपणाचे असते. अशा कामाचे नकाशे आणि मापे जपून ठेवली आणि संशोधकांना खुली केली, तर त्या खर्चाचा लाभ पुढच्या पिढ्यांनाही होतो.

कायद्याची चौकट

आगाऊ पैसे गोळा करणाऱ्याला ठेवींचे कायदे माहीत असणे आवश्यक आहे. कंपनीने मालासाठी आगाऊ रक्कम घेतली आणि ३६५ दिवसांत तिच्याबदली माल दिला नाही, तर ठेवींच्या २०१४ च्या नियमांनुसार ती रक्कम ठेव मानली जाऊ शकते. त्याशिवाय अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा आणि ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा लक्षात ठेवावे लागतात. सुरक्षित मार्ग असा : परतावा किंवा नफा देण्याचे आश्वासन द्यायचे नाही, रक्कम ठरावीक मालासाठीच घ्यायची, मुदत वर्षाच्या आत ठेवायची आणि मुदत उलटली तर परताव्याची अट लेखी ठेवायची.

संघटनेच्या रूपाचेही पर्याय आहेत. सात सभासद मिळून १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवू शकतात. सहकारी संस्थेला किमान दहा सभासद लागतात, आणि महाराष्ट्राला सहकाराची सवय आहे. नफा वाटून घ्यायचा असेल तर मर्यादित दायित्वाची भागीदारी बरी. साचा कोणाच्या नावावर आहे, हे या सर्वांत संस्थेच्या घटनेतच लिहिलेले हवे.

भाग बनवण्याच्या हक्काचा प्रश्न बहुतेक जुन्या गाड्यांत सोपा आहे. २००० च्या डिझाइन कायद्यात नोंदलेल्या आकाराला जास्तीत जास्त १५ वर्षे संरक्षण मिळते आणि पेटंटला २० वर्षे. डुक्कर फियाटचे असे हक्क केव्हाच संपले. व्यापारचिन्हाचे मात्र तसे नाही. नूतनीकरण होत राहिले तर ते कितीही काळ टिकते. बोनेटवरचे नाव किंवा बिल्ला परवानगीशिवाय बनवून विकणे धोक्याचे आहे. ‘अमुक गाडीला बसणारा भाग’ असे प्रामाणिकपणे सांगायला कायद्याची हरकत नाही.

करांचा भारही कमी झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. आधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता.

पुनर्निर्मितीला सर्वांत जवळचा नियम जुन्या गाड्यांच्या नोंदणीचा आहे. केंद्राने २०२१ मध्ये पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि तिची मुदत दहा वर्षे असते. गाडी मूळ रूपात असणे, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसणे ही तिची अट आहे. मूळ भागाबरहुकूम बनवलेला भाग म्हणूनच नुसती हौस राहत नाही, गाडीची कायदेशीर ओळख त्यावर टिकते. पन्नाशी न गाठलेल्या पद्मिनींना मात्र ही सवलत नाही. त्यांना वीस वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचे, २०२५ मध्ये १०,००० रुपयांवर गेलेले शुल्क भरावे लागते. या मधल्या वर्षांतच सर्वाधिक गाड्या भंगारात जातात, आणि त्यांच्यासाठी धोरणात काही तरतूद व्हायला हवी.

दर्जा आणि जबाबदारी

पैसा गोळा झाला म्हणून कोणताही भाग बनवायला घेणे योग्य नाही. बीडिंग गळले तर गाडीत पाणी शिरते. ब्रेकचा व्हील सिलिंडर किंवा टाय रॉड एंड निकृष्ट निघाला तर माणूस दगावतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष उत्पादनाची जबाबदारी निर्माता आणि विक्रेता या दोघांवर टाकली आहे. हौशी संघटनाही त्यातून सुटत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकांच्या भागांसाठी धातूची प्रत तपासून घेणे, प्रत्येक खेपेचा क्रमांक ठेवणे आणि गरज पडल्यास पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन संशोधन संस्थेकडून चाचणी करून घेणे यांचा खर्च साच्याच्या अंदाजातच धरला पाहिजे. जिथे हा खर्च पेलत नाही, तिथे जुना सिलिंडर आतून नवी नळी बसवून दुरुस्त करणे किंवा दुसऱ्या चालू गाडीचा प्रमाणित भाग जुळवून घेणे अधिक जबाबदारीचे ठरते.

समुद्रपूरहून पाहता

समुद्रपूर हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. याच तालुक्यातील जाम येथे नागपूर–हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरचा रस्ता फुटतो. सुट्या भागांची मोठी बाजारपेठ म्हणजे नागपूर, आणि तिथे नसेल तर मुंबई किंवा पुणे. अशा ठिकाणच्या मालकाजवळ शहरातल्या संघटनांची सोबत नसते, तरी त्याच्याकडे तीन गोष्टी असू शकतात.

पहिली, कागद. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि नंतर मुंबई राज्यात आला. त्या काळातल्या गाडीची नोंदणी वर्ध्याच्या आजच्या एमएच ३२ या क्रमांकमालिकेच्या कितीतरी आधीची असते. पन्नास वर्षांचा हिशेब पहिल्या नोंदणीपासून होत असल्याने जुने नोंदणीपुस्तक, कराच्या पावत्या आणि खरेदीखत जपणे हे गाडी जपण्याइतकेच महत्त्वाचे आहे. दुसरी, मूळ भाग. खेड्यातल्या गोठ्यात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला शहरातल्या गाडीपेक्षा कमी हात लागलेले असतात. तिच्यावरची मूळ पट्टी किंवा दिवा हा साच्यासाठी उत्तम नमुना असतो. नमुना उसना देणारा मालक पैसे देणाऱ्याइतकाच उपयोगी आहे आणि त्याला भागाच्या किमतीत सूट मिळायला हवी. तिसरी, कामाची जागा. ग्रामीण भागातील जादा अनुदान, आयटीआयमधून तयार होणारे टर्नर-फिटर आणि शेतीयंत्रांच्या दुरुस्तीची बारमाही मागणी यांच्या आधारावर छोटे वर्कशॉप उभे राहू शकते. अर्ज वर्ध्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात करता येतो.

गिऱ्हाईक वाढवण्यासाठी नजर जिल्ह्याबाहेर ठेवावी लागते. फियाट ११०० इटलीत आणि युरोपातही विकली गेली. तिथले मालक तेच बीडिंग आणि तेच बुश शोधतात. भारतीय आणि इटालियन गाड्यांतले भाग सगळेच सारखे नाहीत, म्हणून मापांची खात्री आधी करावी. ती पटली तर तीस गिऱ्हाइकांचे शंभर होऊ शकतात.

निष्कर्ष

सर्व मार्ग शेजारी ठेवून पाहिले तर भारतातल्या दुर्मीळ गाड्यांसाठी आगाऊ नोंदणी आणि साचानिधी यांचा संयोग सर्वांत भक्कम ठरतो. पहिला साचा नोंदणीच्या पैशातून करावा, विक्रीतून सुटणारा भाग निधीत जमवावा आणि दुसऱ्या साच्यापासून निधीचा आधार घ्यावा. व्यापारी, बँक आणि देणगीदार यांची मदत त्यावर पूरक म्हणून घ्यावी. सुरुवात ब्रेक किंवा पत्र्यापासून करू नये. रबरापासून करावी, कारण तिथे साचा स्वस्त, धोका कमी आणि गरज प्रत्येक गाडीला असते. बँक खात्यावर किमान दोघांच्या सह्या, खर्चाचा हिशेब सर्व सभासदांना दर तिमाहीला आणि साच्याची मालकी संघटनेकडे, या तीन अटी पहिल्याच बैठकीत लिहून घ्याव्यात. ज्या मालकांकडे अशी गाडी आहे त्यांनी पैसे जमवण्याआधी एक काम करावे : आपल्या गाडीचे मॉडेल, वर्ष, नोंदणी क्रमांक आणि नसलेल्या भागांची यादी लिहून आसपासच्या मालकांच्या यादीशी ताडून पाहावी. किती नग लागणार हे कळल्याशिवाय कोणत्याही साच्याची किंमत ठरत नाही.